पंप बदलायच्या आधी प्रेशर कुठे जातंय ते बघा

भांडुपच्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "२०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सीएनजी किट नंतर बसवलंय. सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही. एकदा चालू झाली की आयडलला ठीक. गॅसवर बरी पळते, पण परवा नाशिकला जाताना कसारा घाटात पेट्रोलवर उचलेना, झटके मारायला लागली. एका मेकॅनिकने नुसतं ऐकून सांगितलं, पंप गेलाय, साडेआठ हजार होतील. दुसऱ्याने गेज लावलं आणि म्हणाला, तीन किलो प्रेशर आहे, पंप उत्तम आहे, प्लग-कॉईल बदला. कोणाचं ऐकू?"

सध्या कोणाचंच ऐकू नका. मी परळला २७ वर्षं गॅरेज चालवतोय आणि हे दोन्ही निष्कर्ष मी स्वतः काढून तोंडावर पडलेलो आहे, म्हणून सांगतो. दोघांनीही तुमचं दुखणं अर्धंच पाहिलंय. तुमच्या गाडीत दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सकाळी सेल्फ लांब घेणं म्हणजे गाडी बंद असताना लाईनमधलं प्रेशर उतरतंय का, हा प्रश्न. घाटात न उचलणं म्हणजे इंजिन मागेल तेवढं पेट्रोल पोचतंय का, हा दुसरा प्रश्न. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं, पण ते गृहीत धरायचं नाही. आणि गेजवरचे "तीन किलो" आयडलला बघितलेले असतील, तर त्याने यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

इमारतीतल्या पाण्याचं बघा. नळ बंद असताना पाइपात प्रेशर भरपूर दिसतं. खरी परीक्षा सकाळी सहाला, सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम सुटले की होते. तेव्हा चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार आली, तर दोष पाइप गंजण्यात आहे की पंपात, हे मग शोधायचं. इंजिनाचंही तेच. छोटी गाडी आयडलला तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. घाटात पाय पूर्ण दाबलात की तोच हिशेब तासाला वीसेक लिटरवर जातो. मरायला टेकलेला पंपसुद्धा पाऊण लिटर देईलच की. गेज तीन दाखवेल, तुम्ही खूश, मेकॅनिक खूश.

आता जे गाडीवर अवलंबून आहे ते आधी सांगतो. तुमच्या वर्षाच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये साधं एमपीएफआय असतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणारं एक नोझल. ही नोझल ज्या नळीवर बसतात ती रेल. रेलमध्ये साधारण ३ ते ४ बार, म्हणजे ४३ ते ५८ पीएसआय. आपल्याकडच्या गेजवर "किलो" लिहिलेलं असतं, तो जवळजवळ बारएवढाच, फरक दोन टक्क्यांचा. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा, माझ्या तोंडून नाही. प्रेशर ठरलेल्या आकड्यावर राखणारा रेग्युलेटर टाकीतल्या पंपाबरोबरच बसवलेला आहे, की जुन्या पद्धतीने रेलवर व्हॅक्यूमच्या नळीसकट आहे, यावर पुढच्या चाचण्या बदलतात. आणि हे वाचणाऱ्या कोणाची गाडी नवी, डायरेक्ट इंजेक्शनची असेल, तर त्यांनी रेलच्या नटाला पानाही लावू नये. तिथे शंभर-दोनशे बार असतात, धार कातडीतून आत जाते. ते काम स्कॅनरवर बघायचं.

पैसे न घालवता होणाऱ्या गोष्टी आधी करा.

सकाळी गाडी थंड असताना चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येईल आणि थांबेल. तो पंप लाईन भरतोय. चावी बंद करा, पुन्हा ऑन करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. पहिल्या फटक्यात चालू झाली, तर रात्रीत लाईन रिकामी होतेय हे नक्की झालं आणि प्लग-कॉईलचे पैसे वाचले. तीनदा करूनही तसाच लांब सेल्फ घेत असेल, तर बॅटरी आणि इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरकडे बघायला हवं. सेल्फ फिरताना बॅटरी नऊ व्होल्टवर कोसळत असेल, तर पंप तरी बिचारा काय करेल.

दुसरी गंमत अशी, की तुमच्याकडे सीएनजीचं बटण आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांना हे निदान फुकट मिळत नाही. प्लग, कॉईल, कॉम्प्रेशन, एअर फिल्टर, सायलेन्सर हे सगळं गॅसला आणि पेट्रोलला सामाईक. उलट गॅसला स्पार्क जास्त कडक लागतो, त्यामुळे कॉईल कमजोर असेल तर आधी गॅसवर मिसिंग येतं. तुमची गाडी गॅसवर बरी आणि पेट्रोलवर मार खाते, म्हणजे संशय टाकीपासून नोझलपर्यंतच्या रस्त्यावर येतो. दुसऱ्या मेकॅनिकचा प्लग-कॉईलचा सल्ला मला इथेच पटत नाही.

पण यात एक खोच आहे. तुमच्यासारख्या किटमध्ये गॅसचं कॉम्प्युटर हे पेट्रोलच्या कॉम्प्युटरचीच नक्कल करून गॅसची नोझल उघडत असतं. गॅसचं ट्युनिंग चुकलेलं असेल तर पेट्रोलचं कॉम्प्युटर गॅसवर चालताना चुकीचा हिशेब शिकतं आणि पेट्रोलवर आल्यावर तोच वापरतं. तेव्हा तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. खर्च होईल थोडा, पण त्याशिवाय स्कॅनरवर दिसणाऱ्या आकड्यांना अर्थ नाही. हे दोन-तीन दिवस जाऊ न देता स्कॅनर लावणारे फार, आणि त्यात गॅरेजवालेही आले.

मग स्कॅनर. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (कॉम्प्युटरशी जोडायच्या खाचेत) घुसवायचं साधं ब्लूटूथवालं मिळतं तेही चालेल. त्यात फ्युएल ट्रिम बघायचं. कॉम्प्युटरला वाटलं की पेट्रोल कमी पडतंय, की तो नोझल जास्त वेळ उघडा ठेवतो. ते किती टक्के जास्त, हे ट्रिम सांगतं. माझा नियम असा: आयडलला ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर खाली येतंय, तर कुठेतरी हवा ओढतेय, एखादी फाटकी नळी शोधा. आयडलला शून्याच्या आसपास आणि लोडवर, म्हणजे चढाला पाय दाबल्यावर, वाढत वाढत पंधरा-वीसच्या पुढे जातंय, तर पेट्रोल पोचत नाहीये. तुमच्याकडे पी०१७१ कोड (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आला असेल तर तो याच गटातला. ज्या गाड्यांना हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, त्यात तो मळला तरी असंच चित्र दिसतं, तेव्हा तो आधी साफ करून घ्या. तुमच्या गाडीत बहुतेक त्याऐवजी इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर बघणारा मॅप सेन्सर असेल, मग ही शंका उरत नाही.

हल्ली यात ई-२० ची भर पडलीय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. जुनी गाडी पूर्वीच्या दहा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवरून वीस टक्के इथेनॉलवर आली, की ट्रिम चार-पाच टक्के वर सरकणं साहजिक आहे. तो आजार नाही. ट्रिम पाच दिसलं म्हणून पंप काढायला निघालेले लोक मी पाहिलेत.

आता गेज. हे काम घरी करू नका असं मी सरळ सांगेन, निदान पहिल्यांदा तरी. लाईन उघडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, जोडाखाली फडकं धरायचं, अग्निशामक हाताशी ठेवायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवर आणि खड्ड्यात साचते. माझ्याकडे सकाळी गणपतीच्या फोटोला उदबत्ती लागते, पण ज्या दिवशी टाकीचं काम असतं त्या दिवशी फक्त फूल आणि नमस्कार. गणपती समजून घेतो.

आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या रेलला गेज लावायचा वाल्व्हच नसतो, त्यामुळे मध्ये टी-जोड टाकावा लागतो. तुमच्या मेकॅनिकने तो टाकला असेल, म्हणजे माणूस कामाचा आहे. त्याच्याकडेच परत जा आणि चार गोष्टी बघायला सांगा.

चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंदांत काटा ठरलेल्या आकड्याला पोचतो का. आयडलला स्थिर राहतो का, थरथरतो का. तिसरी, इंजिन बंद केल्यावर काटा कसा उतरतो. दहा-वीस मिनिटांत थोडासा उतरला तर चालतं, इंजिनच्या गरमीने क्षणभर वरही चढतो. मिनिटा-दोन मिनिटांत शून्याला आला, तर तुमची सकाळची तक्रार तिथेच सापडली. रात्रभरात शून्य झालं तर मात्र घाबरू नका, अनेक चांगल्या गाड्यांत होतं.

चौथी गोष्ट म्हणजे लोड. ही कोणी करत नाही, कारण त्रासाची आहे. लांब नळीचं गेज बोनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर वायपरखाली पट्टीने बांधायचं. काचेच्या बाहेरच, गाडीच्या आत पेट्रोलची नळी कधीही आणायची नाही. मग पहाटे साडेपाचला ईस्टर्न फ्रीवेवर चेंबूरच्या चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबायचं, एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने काटा बघायचा. धडधाकट गाडीत काटा जागचा हलत नाही, जुन्या व्हॅक्यूम रेग्युलेटरच्या गाडीत तर उलट अर्धा किलो चढतो. तीनवरून सव्वादोनला घसरला आणि त्याच वेळी झटके आले, तर वाद संपला. रस्त्यावर जायचं नसेल तर दुसरा मार्ग आहे: नळी सोडून मापाच्या बाटलीत पंधरा सेकंद पेट्रोल घ्यायचं. छोट्या गाडीचा चांगला पंप मिनिटाला लिटरभराच्या आसपास देतो, म्हणजे पंधरा सेकंदांत पाव लिटर. याच्या निम्मंच आलं तर पोटभर मिळत नाहीये.

लोडवर प्रेशर पडतंय हे ठरलं, म्हणून पंप गेला असं होत नाही. इथे मी स्वतः ठेच खाल्लीय, ती सांगतो.

एक काळी-पिवळी टॅक्सी यायची, भायखळ्याची. हीच तक्रार, चढाला दम नाही. गेज लावलं, प्रेशर पडत होतं, मी पंप बदलला. गाडी मस्त पळाली. पंधरा दिवसांनी चाचा परत दारात, "मिस्त्री, फिर वही." मला वाटलं पंप डुप्लिकेट निघाला. ऑपेरा हाऊसला जाऊन दुकानदाराशी भांडलो, दुसरा आणला, बसवला. पुन्हा पंधरा दिवस. तिसऱ्या वेळी मला लाज वाटली आणि मागची सीट उचलून रबरी मॅट सोलली. खाली पंपाच्या अर्थची वायर एका बोल्टने पत्र्याला जोडलेली. बोल्टभोवती हिरवट पांढरी बुरशी, नखाने खरवडली तर भुकटी पडायची. चाचाने त्या पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली होती, मॅटखाली ओल तशीच राहिलेली. इंजिन चालू ठेवून मीटर लावला: बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या सॉकेटवर १०.८. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या अर्थला धरली, तर २.३ व्होल्ट. तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. तीन व्होल्ट वाटेत खाल्ले गेल्यावर पंप फिरणार, आवाज करणार, आयडलला तीन किलोही देणार, पण चढाला हात वर करणार. मग नवा पंप पंधरा दिवस का चालला? बसवताना मी ती वायर आणि सॉकेट हलवत होतो, त्याने संपर्क तात्पुरता साफ व्हायचा. पॉलिश पेपर, नवा टॅग, ग्रीस. पाच रुपयांचं काम. दोन पंपांचे पैसे मी चाचाला परत केले आणि दुकानदाराला नंतर चहा पाजला.

तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी टाकी उघडत नाही. मुंबईत तर नाहीच. इथली हवा खारट आणि चार महिने पाऊस. मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट, कुठल्यातरी पाण्यातून गाडी गेलेलीच असते. मोजताना पंप चालू हवा आणि सॉकेट जोडलेलं हवं, मागून बारीक पिन घालून मोजायचं. सॉकेट काढून मोजलंत तर सडलेली वायरसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मीटर याला पुरतो. पंपाला करंट सोडणारा रिलेही बघा, त्याचे पाय जळून काळे झालेले असतात.

वायरिंग साफ निघालं तर मग टाकीच्या आतल्या गोष्टी. तुमच्या गाडीत गाळणी, पंप, रेग्युलेटर आणि बहुधा फिल्टरही एकाच डब्यात असेल. क्लॅम्प मीटरने पंप किती अँपिअर घेतोय ते बघितलं की आतलं थोडं कळतं. साधारण चार ते सहा ठीक. जास्त घेतोय आणि धार कमी, तर पुढचा फिल्टर तुंबलाय किंवा पंप जाम होतोय. कमी घेतोय, धारही कमी आणि आवाज किंचाळल्यासारखा, तर खालची गाळणी तुंबलीय किंवा पंपाची पाती झिजलीत. गाळणीची बाब असेल तर नवा पंप घालायची गरज नाही, टाकी साफ करून गाळणी बदलली की झालं.

लाईन रिकामी होतेय, पण कुठून? इंजिन बंद केल्या-केल्या टाकीकडून येणारी रबरी नळी चिमट्याने दाबा. प्रेशर टिकलं, तर ते मागे टाकीत उतरतंय, म्हणजे पंपाचा चेक वाल्व्ह (पेट्रोल मागे फिरू न देणारा) किंवा रेग्युलेटर. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा फूट व्हाल्व्ह गळायला लागला की रोज सकाळी वॉचमनला पाणी ओतून पंप भरावा लागतो, तसंच हे. नळी दाबूनही प्रेशर उतरलं, तर एखादं नोझल गळतंय. त्याची ओळख म्हणजे सकाळी सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास आणि चारपैकी एकच प्लग काळा, ओला. नळी प्लॅस्टिकची, कडक असेल तर मात्र चिमटा लावू नका, तडा जाईल. त्या वेळी मध्ये बंद करायचा कॉक टाकावा लागतो. आणि रेग्युलेटर रेलवर असलेली जुनी गाडी असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी काढून वास घ्या. आत पेट्रोल दिसलं तर डायफ्रॅम फाटलाय.

तुमच्या बाबतीत मला काय वाटतं, ते विचाराल. गाडी न बघता पैज लावायची तर मी टाकीतल्या डब्यावर लावेन, आणि त्याचं कारण सीएनजी. गॅसवाल्यांची सवय अशी, की पेट्रोल दोनशे-तीनशेचं टाकायचं आणि काटा कायम रिझर्व्हला. बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरतच असतो. पंपाला थंड ठेवतं ते भोवतीचं आणि आतून जाणारं पेट्रोलच. तळाला चार-पाच लिटर असलं तर तेच तापलेलं पेट्रोल गरगर फिरतं आणि पंप भाजून निघतो. शिवाय महिनोन्महिने टाकी अर्धी रिकामी, त्यात पावसाळ्याची दमट हवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात, नेमकं जिथे गाळणी आहे तिथे. एकाच डब्यात चेक वाल्व्हही असल्यामुळे तुमच्या दोन्ही तक्रारी तिथून निघू शकतात. पण ही पैज आहे. साडेआठ हजार भरायच्या आधी सीटखालचा मीटर आणि लोडवरचं गेज, या दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. दोन्ही मिळून दोन तासांचं काम.

डबा बदलावाच लागला तर टाकी उतरवून धुऊन घ्या, तळाचा गाळ तसाच ठेवून नवा पंप घालू नका. वरचं रबरी सील नवंच टाका, जुनं फुगलेलं असतं आणि मग डिकीत पेट्रोलचा वास येत राहतो. त्यानंतर टाकी पावच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची, नोझलही मोकळी राहतात.

आकडे मिळाले की कळवा: थंड असताना चावी ऑन केल्यावरचं प्रेशर, बंद केल्यावर दहा मिनिटांनी किती, लोडवर किती, आणि पंपाच्या सॉकेटवर चालू गाडीत किती व्होल्ट. आणि रेग्युलेटर रेलवर आहे का टाकीत, तेही मेकॅनिकला विचारून ठेवा.